आधी वळवा, मग पासवर्ड विचारा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याची साइट डोळ्यांसमोर आणा. मालाचे फोटो सगळ्यांना खुले. ‘/दरपत्रक/’ हा भाग मात्र व्यापाऱ्यांपुरता, युजरनेम-पासवर्ड लावून. साइट आधी डॉट इनवर होती, आता डॉट कॉमवर गेली आहे. कुणी पत्त्याच्या आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून येतो, कुणी न लावता, कुणी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या, सुरक्षित नसलेल्या एचटीटीपी लिंकवरून. अशा साइटवर हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘पासवर्ड दोनदा मागतंय’. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की ब्राउझरची हिस्ट्री क्लिअर करा. त्यानं काही होत नाही, कारण बिचाऱ्या ब्राउझरचं काही चुकलेलंच नसतं. सर्व्हरवर दोन कामांचा, म्हणजे योग्य पत्त्याकडं वळवण्याचा (रिडायरेक्ट) आणि पासवर्ड विचारण्याचा, क्रम चुकलेला असतो.

नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर पंच कार्डांची माळ ओवताना दोन कार्डं मागंपुढं झाली तर माग थांबत नाही. चादर विणली जाते, फक्त नक्षी चुकते. इथंही तसंच आहे. सर्व्हर चालू राहतो, लॉगमध्ये एरर दिसत नाही आणि पासवर्ड उघड्यावर फिरत राहतो.

(खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची, हे सांगायला नकोच.)

बेसिक ऑथेंटिकेशनचा, म्हणजे ब्राउझरच्या या युजरनेम-पासवर्ड पद्धतीचा, कारभार साधा आहे. ब्राउझर पान मागतो. सर्व्हर ४०१ (आधी ओळख दाखवा) हा कोड देतो आणि सोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हे हेडर, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरची सूचना, पाठवतो. ते हेडर दिसलं की ब्राउझर पासवर्डची चौकट उघडतो. भरलेलं युजरनेम, मग कोलन, मग पासवर्ड, हे सगळं एकत्र करून बेस६४मध्ये लिहिलं जातं आणि पुढच्या प्रत्येक मागणीला जोडलं जातं. म्हणूनच युजरनेममध्ये कोलन चालत नाही. बेस६४ला कुणी कुलूप समजू नये. ती कागदाची घडी आहे, कुणालाही उलगडता येते. एचटीटीपीवर हा पासवर्ड गेला तर वाटेत बसलेल्या कुणालाही तो सरळ वाचता येतो.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ब्राउझर हा पासवर्ड ‘प्रोटोकॉल, होस्टचं नाव आणि पोर्ट’ या तिघांच्या जोडीवर लक्षात ठेवतो. एचटीटीपीवर भरलेला पासवर्ड एचटीटीपीएसवर चालत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावावर भरलेला, असलेल्या नावावर चालत नाही. त्याच्या लेखी ती वेगवेगळी दारं आहेत.

आता तक्रारीचं मूळ. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) बहुतेक जण फोल्डरातल्या डॉट एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र लिहितात, वर ‘रीराइटरूल’ने एचटीटीपीएसकडे वळवणं आणि खाली ‘ऑथटाइप बेसिक’, ‘रिक्वायर व्हॅलिड-यूजर’. फाइलमध्ये वळवणं वर लिहिलंय म्हणजे ते आधी होईल, असा समज असतो. अपाचे हा वेब सर्व्हर मात्र ओळींच्या क्रमानं चालत नाही, टप्प्यांच्या क्रमानं चालतो. मॉड रीराइटचे, म्हणजे पत्ता बदलणाऱ्या मॉड्यूलचे, नियम व्हर्च्युअल होस्टमध्ये (मुख्य कॉन्फिगमधला एका साइटचा विभाग) थेट लिहिले तर ते पत्ता ठरवण्याच्या टप्प्यावर, म्हणजे ऑथेंटिकेशनच्या आधी चालतात. तेच नियम डॉट एचटीॲक्सेसमध्ये किंवा ‘डिरेक्टरी’च्या आत लिहिले, की ‘फिक्सअप’ नावाच्या टप्प्यावर जातात, आणि तो ऑथेंटिकेशन उरकल्यानंतर येतो. साध्या ‘रिडायरेक्ट’ आज्ञेचंही तेच.

त्यामुळं व्यापारी एचटीटीपीच्या लिंकवर आला की घडतं ते असं: ४०१ येतो, तो पासवर्ड भरतो, पासवर्ड उघडा जातो, मग ३०१ (नव्या पत्त्यावर जा) हा कोड मिळतो, एचटीटीपीएसवर पोचल्यावर पुन्हा ४०१, पुन्हा चौकट. त्यापुढं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे वळवणारा आणखी एक नियम असेल तर तिसऱ्यांदा. त्रास दोनदा टाइप करण्याचा वाटतो, खरं नुकसान पहिल्या वेळीच झालेलं असतं.

उपाय म्हणजे एचटीटीपीच्या पोर्ट ८० साठी वेगळा व्हर्च्युअल होस्ट करा आणि त्यात वळवण्यापलीकडं काहीही ठेवू नका. पासवर्ड, डॉक्युमेंट रूट, पीएचपी काही नको. पासवर्डच्या ओळी फक्त एचटीटीपीएसच्या पोर्ट ४४३वर, शेवटी जिथं पोचायचं त्या नावाच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये. होस्टिंगवाला व्हर्च्युअल होस्टला हात लावू देत नसेल, तर अपाचे २.४मध्ये ‘इफ’चा ब्लॉक वापरता येतो. अट घालायची की एचटीटीपीएस चालू असेल तरच ऑथच्या ओळी लागू. त्याच फाइलमध्ये वळवण्याचा नियमही हवा, नाहीतर एचटीटीपीवर दरपत्रक सताड उघडं राहील. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही पत्ते हातानं तपासल्याशिवाय या युक्तीवर विसंबू नये. मला विचाराल तर ती तात्पुरती पट्टी आहे; महिन्याला थोडे पैसे जास्त मोजून स्वतःचा छोटा सर्व्हर घेतलेला बरा.

वळवतानाही टप्पे कमी ठेवा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, तिथून शेवटचा तिरका दांडा, असे तीन हेलकावे कशाला? शेवटचा पत्ता ठरवा आणि प्रत्येक चुकीच्या पत्त्यावरून एकाच उडीत तिथं न्या. आणि इथं एक गोष्ट हटकून विसरली जाते. जुन्या डॉट इनवर एचटीटीपीएसने येणाऱ्याला वळवायचं तर त्या जुन्या नावाचंही सर्टिफिकेट चालू लागतं. सुरक्षित जोडणी आधी होते, ३०१ त्यानंतर जातो. सर्टिफिकेट संपलेलं असेल तर माणूस लाल इशाऱ्यावरच अडकतो, वळवण्यापर्यंत पोचतच नाही. जुनं डोमेन आणि त्याचं सर्टिफिकेट, दोन्हींचं नूतनीकरण करत राहावं लागतं.

एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये हाच क्रम उलट बाजूनं चावतो. तिथं ‘रिटर्न’ आणि ‘रीराइट’ या आज्ञा रीराइटच्या टप्प्यात चालतात, आणि ‘ऑथ बेसिक’ त्यानंतरच्या ॲक्सेसच्या टप्प्यात. म्हणजे वळवणं आपोआप आधी. दोनदा पासवर्डाची कटकट इथं सहसा येत नाही. पण पासवर्ड लावलेल्या लोकेशनमध्ये (कॉन्फिगमधला ठरावीक पत्त्यांसाठीचा ब्लॉक) ‘रिटर्न ३०२’, म्हणजे तात्पुरतं वळवणं, लिहून कुणी एखाद्या पीडीएफच्या पत्त्याकडं वळवलं, तर पासवर्ड कधीच विचारला जाणार नाही. वळवण्याचा पत्ता कुणालाही मिळेल, आणि तो पत्ता स्वतः उघडा असेल तर पीडीएफही. याचंच धाकटं भावंड म्हणजे चाचणी म्हणून लोकेशनमध्ये ‘रिटर्न २००’ (सगळं ठीक) टाकणं, पासवर्ड विचारला जात नाही म्हणून ऑथ बिघडलंय असं समजणं, आणि पुढचा तासभर चांगली चाललेली फाइल उकरत बसणं.

एनजिनएक्समधला सगळ्यात महाग खड्डा मात्र वेगळाच आहे. कॉन्फिगमध्ये साधारण असं असतं: एक लोकेशन ‘/दरपत्रक/’ साठी, त्यात ‘ऑथ बेसिक’ आणि पासवर्डची फाइल. खाली दुसरं लोकेशन, रेजेक्सचं (नमुन्यावरून जुळवणारं), डॉट पीएचपीने संपणाऱ्या सगळ्या पत्त्यांसाठी. ब्राउझरमध्ये ‘/दरपत्रक/’मधला एखादा फोटो किंवा पीडीएफ उघडून पाहिली की चौकट येते, मालक खूश. पण ‘/दरपत्रक/यादी.पीएचपी’ अशी थेट मागणी आली, की एनजिनएक्स आधी साध्या लोकेशनांत सगळ्यात लांब जुळणारं शोधतो, मग रेजेक्सची लोकेशनं तपासतो, आणि रेजेक्स जुळलं तर तेच घेतो. एका मागणीला एकच लोकेशन. पीएचपीच्या लोकेशनमध्ये ऑथ नाही, म्हणून ठोक दर गुगलसकट सगळ्यांना दिसतात. उपाय असा, की ‘/दरपत्रक/’च्या लोकेशनपुढं टोपीचं चिन्ह आणि टिल्ड (^~) लावायचं, म्हणजे रेजेक्सचा शोध तिथंच थांबतो, आणि त्याच्या पोटात पीएचपीचं वेगळं लोकेशन पुन्हा लिहायचं. आतल्या लोकेशनला बाहेरचं ऑथ वारशानं मिळतं. हे करून झाल्यावर मुखपृष्ठावर समाधान न मानता थेट पीएचपी फाइलचा पत्ता टाकूनच तपासायचं.

वर्डप्रेसवाल्यांसाठी जाता जाता: वर्डप्रेसच्या ॲडमिन फोल्डरला बेसिक ऑथ लावलंत तर त्यातली ‘ॲडमिन-एजॅक्स’ नावाची पीएचपी फाइल वगळा. बरेच प्लगिन बाहेरच्या पानांवरूनही ती वापरतात, आणि मग नुसत्या चादरी बघायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर पासवर्डची चौकट उभी राहते.

आणखी एक वगळायची जागा आहे, आणि ती चुकली तर चूक दोन-तीन महिन्यांनी कळते. लेट्स एनक्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची ९० दिवसांची सर्टिफिकेटं एचटीटीपी पद्धतीनं घेतली, तर संस्थेचे तपासनीस पोर्ट ८०वर ‘डॉट वेल-नोन’ फोल्डरातल्या ‘ॲकमी-चॅलेंज’मध्ये ठेवलेली फाइल वाचायला येतात. सर्टिफिकेट आधी घेतलं आणि पासवर्ड नंतर अख्ख्या साइटला लावला, तर त्या दिवशी सगळं उत्तम चालतं. नूतनीकरणाच्या वेळी त्यांना ४०१ मिळतो, नूतनीकरण गुपचूप फसतं आणि मुदत संपल्यावर फोन वाजायला लागतात. एनजिनएक्समध्ये त्या लोकेशनला ‘ऑथ बेसिक ऑफ’, अपाचेत ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’. वळवण्याची मात्र भीती नको. त्यांचा तपासनीस रिडायरेक्टमागं जातो, पोर्ट ८० आणि ४४३ सोडून तिसरीकडं नेलं नाही म्हणजे झालं. सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉट या साधनाची ‘ड्राय रन’ चाचणी पासवर्ड लावल्यानंतर लगेच चालवा, महिनाभरानं नको.

पासवर्डची फाइल. ती बनवणारी ‘एचटीपासवर्ड’ ही आज्ञा उबंटू-डेबियनवर ‘अपाचे२-युटिल्स’ पॅकेजमध्ये मिळते, रेड हॅटच्या घराण्यात ‘एचटीटीपीडी-टूल्स’मध्ये. तिचा छोटा सी हा पर्याय नवी फाइल बनवतो, आणि आधीची असेल तर पुसून नवी बनवतो. पहिला व्यापारी सीसकट, दुसऱ्यापासून सीशिवाय. दुसऱ्यालाही सी लावला की पहिला गेला. चाळीस व्यापारी घातल्यावर एकेचाळिसाव्याला सी लावणारे लोक आहेत, म्हणून फाइलची एक प्रत बाजूला ठेवलेली असावी. फाइल वेब रूटच्या बाहेर ठेवायची, मालकी रूटची, गट वेब सर्व्हरचा, परवानगी ६४०. एनजिनएक्सला ती फाइल सापडलीच नाही तर तो ४०३ (मनाई) देतो. फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही, तर ५०० (सर्व्हरमधला बिघाड). एवढं माहीत असलं की लॉग उघडायच्या आधीच निम्मं निदान होतं.

फाइलमध्ये पासवर्ड कोणत्या पद्धतीनं हॅश करायचा, म्हणजे परत उलगडता येणार नाही असा लिहायचा, हे जरा थांबून ठरवावं. ‘एचटीपासवर्ड’ला मोठा बी दिला की बीक्रिप्ट ही पद्धत मिळते, आणि ते चांगलंच आहे. पण एनजिनएक्स बीक्रिप्टची पडताळणी स्वतः करत नाही, सिस्टिमच्या क्रिप्ट लायब्ररीवर सोपवतो. जुन्या उबंटूवर, उदाहरणार्थ १८.०४वर, त्या लायब्ररीला बीक्रिप्ट येत नाही. मग बरोबर पासवर्डालाही ५०० येतो आणि एरर लॉगमध्ये ‘क्रिप्ट आर फेल्ड’ अशी ओळ दिसते. तिथं ओपनएसएसएलच्या ‘पासवर्ड’ आज्ञेला ६ हा पर्याय देऊन एसएचए-५१२ पद्धतीचा हॅश करून घ्या.

बीक्रिप्टची कॉस्ट, म्हणजे पडताळणी किती जड करायची तो आकडा, तोही बेतानं. बेसिक ऑथमध्ये लॉगिन एकदाच होतं असं वाटतं, पण सर्व्हर प्रत्येक मागणीला पासवर्ड नव्यानं पडताळतो. दरपत्रकाच्या एका पानावर डिझाइनचे ४० फोटो असतील आणि तेही पासवर्डामागं असतील, तर एका पानाला ४१ पडताळण्या. कॉस्ट एकानं वाढली की वेळ दुप्पट होतो. ‘एचटीपासवर्ड’ मुळात ५ घेतो. कुणी ‘सुरक्षेसाठी’ म्हणून १२ केली तर काम २ चा सातवा घात, म्हणजे १२८ पट. एनजिनएक्समध्ये तर तेवढा वेळ तो वर्कर (मागण्या हाताळणारी प्रक्रिया) दुसरं काहीच करत नाही, पासवर्ड नसलेली पानंही ताटकळतात. फोटो खुल्या फोल्डरात ठेवा आणि फक्त दरांची पानं पासवर्डामागं ठेवा. चादरीचा फोटो काही गुपित नसतो.

आता वळवण्याचे आकडे. ३०१ कायमचा, ३०२ तात्पुरता, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कायमचा म्हणजे ब्राउझर तो खरोखर लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारता परस्पर वळतो. ३०१मध्ये पत्ता चुकला आणि पाच मिनिटांत दुरुस्त केला, तरी त्या पाच मिनिटांत येऊन गेलेली माणसं चुकीच्याच ठिकाणी जात राहतील, आणि त्यांच्या मोबाइलमधून ते काढणं तुमच्या हातात नाही. म्हणून प्रत्येक नवा रिडायरेक्ट आधी ३०२ने चालवायचा, चार दिवस बघायचं, मग ३०१. गड्ड्याच्या यात्रेपुरती जानेवारीत मुखपृष्ठावरून सवलतीच्या पानाकडं वळवायचं असेल तर ते कायम ३०२च. तिथं ३०१ घातला तर फेब्रुवारीतही लोक यात्रेतच फिरत राहतील.

३०१ आणि ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची (माहिती पाठवणारी) मागणी गेटमध्ये (नुसतं पान मागणाऱ्या) बदलतात. ऑर्डरचा फॉर्म जुन्या पत्त्यावर पाठवला आणि तिथून ३०१ने वळवला, तर भरलेली माहिती वाटेतच गळते आणि नव्या पत्त्यावर रिकामी मागणी पोचते. पद्धत आणि माहिती तशीच न्यायची तर तात्पुरत्यासाठी ३०७, कायमसाठी ३०८. उलट, लॉगिन झाल्यावर पुढच्या पानाकडं न्यायला ३०३ योग्य, कारण तिथं गेटच हवं असतं.

मराठी पत्ते वापरणाऱ्यांनी एक हिशेब डोक्यात ठेवावा. ‘दरपत्रक’ या शब्दात हलन्त धरून सात चिन्हं आहेत. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. सात गुणिले नऊ, म्हणजे ६३ अक्षरं. लोकेशन जुळवताना एनजिनएक्स आणि अपाचे दोघंही हा पत्ता उलगडून बघतात, त्यामुळं कॉन्फिगमध्ये सरळ मराठीत लिहिता येतं. पाठवताना गडबड होते. अपाचेच्या रीराइटरूलमध्ये लक्ष्य टक्क्यांसकट लिहिलं, तर तो टक्क्यालाच पुन्हा एनकोड करतो, ‘टक्का २५’ असा, आणि पान सापडत नाही. नियमाला एनई हा फ्लॅग लावायचा. एनजिनएक्समध्ये वळवताना मूळ पत्ता जसाच्या तसा देणारं ‘रिक्वेस्ट यूआरआय’ हे व्हेरिएबल घ्या. ‘यूआरआय’ हे उलगडलेलं असतं. त्यात कुणी मुद्दाम नव्या ओळीची खूण पेरली तर ती थेट तुमच्या हेडरमध्ये उतरते.

‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ हा संदेश आला की शंभरातल्या बहुतेक वेळा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये एखादा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, असतो. क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेवर एसएसएल ‘फ्लेक्सिबल’ ठेवलं तर गिऱ्हाइक ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस, पण तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत साधं एचटीटीपी. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर जा, ब्राउझर म्हणतो मी तिथंच आहे. हे चक्र ब्राउझर सुमारे २० फेऱ्यांनी तोडतो. सर्व्हरवर खरं सर्टिफिकेट बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. स्वतःचा प्रॉक्सी असेल तर ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर बघून ठरवा, पण ते प्रॉक्सीच्या आयपीवरून आलं असेल तरच माना, कारण बाहेरचा कुणीही ते लिहून पाठवू शकतो.

बेसिक ऑथ सोडून फॉर्मचं लॉगिन केलं की चक्राची नवी कारणं येतात. लॉगिनचं पानच लॉगिनमागं ठेवलं, हे पहिलं. दुसरं, लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीला ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवर) लावलंय पण चाचणी एचटीटीपीवर चाललीय. ब्राउझर कुकी ठेवतच नाही, पासवर्ड बरोबर असूनही माणूस पुन्हा लॉगिनवर.

पेमेंट गेटवेचा प्रकार समजायला सगळ्यात किचकट. काही गेटवे पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाला तुमच्या साइटवर पोस्टने परत पाठवतात. तुमची कुकी ‘सेमसाइट लॅक्स’ असेल तर दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत ती जात नाही. सर्व्हरला वाटतं हा लॉगिन नाही, तो लॉगिनकडं वळवतो, आणि पैसे गेले पण ऑर्डर दिसत नाही. यात भर म्हणजे सेमसाइट काहीच लिहिलं नसेल तर क्रोम लॅक्स धरतो, पण दोन मिनिटांच्या आतल्या ताज्या कुकीला अशा पोस्टमध्ये सवलत देतो. म्हणून डेव्हलपर लॉगिन करून झटपट पेमेंट करतो तेव्हा सगळं चालतं, आणि दहा मिनिटं डिझाइन बघत बसलेल्या व्यापाऱ्याचं अडतं. परतीच्या पत्त्याला लॉगिनची अट ठेवू नका. तिथं गेटवेची सही तपासा, ऑर्डर नोंदवा आणि ३०३ने आपल्याच ऑर्डरच्या पानाकडं न्या. ती गेटची मागणी असते, लॅक्स कुकी तिच्यासोबत जाते.

लॉगिननंतर मूळ पानाकडं परत न्यायला पत्त्यात ‘नेक्स्ट’सारखं काहीतरी ठेवतात. ते न तपासता वापरलं तर तुमच्या साइटच्या नावानं कुणीही फसवी लिंक बनवू शकतो. नुसतं ‘तिरक्या दांड्यानं सुरू होतं का’ एवढं बघून भागत नाही. दोन तिरके दांडे म्हणजे दुसऱ्या साइटचा पत्ता, आणि उलटा दांडाही ब्राउझर सरळ धरतात. पहिला दांडा सरळ, आणि दुसरं अक्षर कोणताही दांडा नको. परवानगीच्या पानांची यादीच ठेवली तर आणखी चांगलं. मोबाइल ॲप किंवा एजॅक्सच्या (पान न बदलता मागून केलेल्या) मागण्यांना लॉगिनकडं वळवू नका, सरळ ४०१ द्या. नाहीतर डेटाच्या जागी लॉगिनचं पान येतं, तेही २०० कोडसह, आणि ॲप ते यादी समजून वाचायला जातं. अपाचेत ४०१च्या ‘एररडॉक्युमेंट’ला (चुकीच्या वेळी दाखवायचं पान) पूर्ण पत्ता चालत नाही.  तिथं आपल्याच सर्व्हरवरचा, दांड्यानं सुरू होणारा मार्ग द्यायचा.

तपासताना ब्राउझर बाजूला ठेवा, त्याला जुनं फार आठवतं. कर्ल या कमांड लाइनच्या साधनाला कॅपिटल आय देऊन फक्त हेडर बघा. आधी पासवर्डाशिवाय एचटीटीपीचा पत्ता: उत्तर ३०१ किंवा ३०२च हवं, आणि ‘लोकेशन’मध्ये शेवटचा पत्ता. तिथं ४०१ दिसला तर क्रम चुकला, पुढं जाऊच नका. मग तो शेवटचा पत्ता पासवर्डाशिवाय: ४०१. मग छोट्या यूने पासवर्ड देऊन: २००. मग ‘/दरपत्रक/’मधली पीएचपी फाइल पासवर्डाशिवाय: ४०१. हीच फेरी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, न लावता आणि जुन्या डॉट इनवरून. कर्लला कॅपिटल एल दिला तर तो रिडायरेक्टमागं जातो, पण होस्ट बदलला की पासवर्ड पुढं नेत नाही. तेव्हा तिथं आलेला ४०१ ही बिघाडाची खूण समजू नका. आणि कॉन्फिग बदलल्यावर रीलोडच्या आधी ‘एनजिनएक्स’ला छोटा टी किंवा ‘अपाचेसीटीएल’ला ‘कॉन्फिगटेस्ट’, दर वेळी, एक स्वल्पविराम बदलला असला तरी.